बाबांचं गाणं शेवटी

कॉम्प्युटर आपोआप काही करत नाही, हे मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आले आहे. माझं कामच ते. एका कंपनीच्या सपोर्ट विभागात मी बसते आणि देशोदेशीची माणसं मला सांगतात की त्यांचं सेटिंग रात्रीतून बदललं, कुणी हातही लावला नव्हता. हात लावलेला असतो. खुर्चीत कोण बसलं होतं ते आधी विचारायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नव्या पोरांना तो मीच शिकवते, तोही बऱ्यापैकी कुत्सितपणे. आणि माझ्याच घरात, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, मी तो धडा पार विसरले.

बाबांचा आवाज गेला होता. गेला म्हणजे काढला. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं आणि श्वासासाठी गळ्याखाली एक छिद्र ठेवलं. बोलण्यासाठी बॅटरीवर चालणारं, टॉर्चएवढं एक यंत्र मिळालं होतं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की शब्द कळायचे, पण सगळे एकाच पट्टीत, सपाट. बाबांना त्या यंत्राची किळस होती. चहा हवा, पंखा बंद कर, एवढ्यापुरतंच ते हातात घेत. बाकी दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरच्या स्कूटर बघत.

हा माणूस एके काळी गायचा. वऱ्हाडात आमच्या गावाकडे भीमगीतांच्या गायन पार्ट्या असत. पेटी, ढोलक, बेंजो, मागे कोरसवाले, समोर दुसरी पार्टी, आणि उजाडेपर्यंत मुकाबला. बाबा त्यातल्या एका पार्टीत होते. नंतर कारखान्यातल्या नोकरीसाठी ते पुण्याला आले, तरी जयंतीला विहारात, कुणाच्या नामकरणात, कुणाच्या लग्नात गात राहिले. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते. ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर एकदा भांडी घासताना मी त्यांचं एक गाणं मनात लावायला गेले, तर शब्द आले, चाल आली, हात वर करून समेवर यायची त्यांची ढब आली. आवाज आला नाही. माझ्याच आवाजात ऐकू यायला लागलं. मी नळ बंद करून तशीच उभी राहिले. माणूस गॅलरीत बसलेला, जिवंत, आणि त्याचा आवाज मी विसरले होते. मला धडकी भरली.

फोनमध्ये व्हिडिओ शेकड्यांनी होते. पण सगळे बाबांनीच काढलेले. कुठल्याही कार्यक्रमात फोन हातात घेऊन ते मागे उभे राहायचे, आणि शूटिंगमध्ये आपला आवाज नको म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायचे. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना टिपून ठेवलं होतं. त्यांना कुणी टिपलं नव्हतं.

कॅसेट एक होती. जिल्ह्याच्या गावातल्या कुठल्याशा छोट्या कंपनीने, बाबा गायले होते त्या एका मुकाबल्याची काढलेली. ती आईच्या लोखंडी कपाटात होती. मी ती बुधवार पेठेत, जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात नेली. दुकानदाराने ती उजेडात धरली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "ताई, ही कॅसेट नाही राहिली, हे लोणचं आहे."

"काही करता नाही का येणार?"

"येईल की. भाकरीबरोबर घ्या."

फीत बुरशीने एकमेकीला चिकटली होती. त्याने सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा तिचे तुकडे त्याच्या टेबलावर पडले. मग मात्र तो बिचारा ओशाळला आणि पाणी हवं का विचारू लागला.

त्याच सुमारास बाबांचा खोकला वाढला. आजार फुफ्फुसात उतरला होता. डॉक्टरांनी आता आणखी काही करू नका, घरीच ठेवा, असं सांगितलं. म्हणजे काय ते आम्हां तिघांनाही कळलं, आणि तिघांनीही ते एकमेकांना कळू दिलं नाही. मला फक्त एवढं हवं होतं, की बाबा आहेत तोवर त्यांचा आवाज एकदा या घरात वाजावा. त्यांनी ऐकावा, मी ऐकावा. इतर सगळ्या गोष्टींची आशा मी सोडलेली होती, म्हणून या एका गोष्टीला मी घट्ट धरलं.

आणि ती सापडली. जुन्या कॅसेटी जमवणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, की वऱ्हाडातल्या गायन पार्ट्यांच्या कॅसेटींचा मोठा साठा एका गृहस्थाने कॉम्प्युटरवर उतरवून टॉरेंटवर ठेवला आहे. मी यादी उघडली. आमच्या मुकाबल्याची कॅसेट त्यात होती. बाबांच्या गुरुजींच्या गाण्यांची फाइल वेगळी, समोरच्या पार्टीची वेगळी, आणि अगदी तळाशी बाबांची. मी ऑफिसात होते. उठून वॉशरूममध्ये गेले आणि तोंड धुऊन आले.

टॉरेंट म्हणजे दुकान नव्हे. माल एका जागी नसतो, लोकांच्या कॉम्प्युटरवर असतो आणि तुकड्यातुकड्याने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ज्याच्याकडे सगळे तुकडे असतात त्याला सीड म्हणतात. चांगल्या टॉरेंटला शेकडो सीड असतात. आमच्या या टॉरेंटला एक होता. तो एकटा गृहस्थ दुपारी थोडा वेळ कॉम्प्युटर चालू करायचा, त्याचं इंटरनेट गोगलगाईच्या गतीचं, आणि थोड्या वेळाने गायब व्हायचा. एकेक गाणं यायला कित्येक दिवस लागणार हे उघड होतं. म्हणून तो असेपर्यंत आपल्याला हवं तेच आधी उचलायचं. त्यासाठी प्रत्येक फाइलला प्रायॉरिटी देता येते. हाय, नॉर्मल, लो. मी बाबांची फाइल हाय केली, बाकीच्या साऱ्या लो केल्या, आणि लॅपटॉप चालूच ठेवून ऑफिसला जायला लागले. दुपारी मी घरी नसे, पण लॅपटॉप असे.

पहिल्या दिवशी जाण्याआधी बाबांना बोलावून दाखवलं. ही तुमची फाइल, हा हिरवा पट्टा भरत जाईल, इथे असं उजवं बटण दाबलं की कोण आधी ते ठरतं. बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते. नवं मशीन समजून घ्यायची त्यांना हौस होती. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं, आणि यादीत गुरुजींचं नाव दिसल्यावर कितीतरी दिवसांनी आपणहून यंत्र गळ्याला लावलं. "गुरुजी हायेत यात?" हो म्हटलं. त्यांनी पडद्याला हात जोडले.

संध्याकाळी घरी आले तर बाबांच्या फाइलचा पट्टा जेमतेम हललेला आणि प्रायॉरिटी लो. गुरुजींची हाय. मला वाटलं, माझ्याच हातून उलटं झालं असेल. पुन्हा सरळ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटं. मग मी माझ्या धंद्याला जागले. टॉरेंट उतरवणारा प्रोग्रॅम नीट बंद न झाल्यास जुनं सेटिंग परत येतं असं कुठेतरी वाचलं, म्हणून नीट बंद करून नीट उघडला. नवी आवृत्ती टाकली. ती काढून जुनी टाकली. सेटिंगची फाइल शोधून काढून टाकली. बाकीच्या फाइली लो करण्याऐवजी 'डाउनलोड करू नका' असंच सांगून पाहिलं. संध्याकाळी त्यांच्यापुढे पुन्हा टिकमार्क, आणि बाबांची तळाशी. रोजचं पालथ्या घड्यावर पाणी. सीड मात्र रोज येऊन जात होता आणि त्याची ती थोडीशी दुपार भलत्याच गाण्यांवर खर्च होत होती. ऑफिसात बसून दुपारभर तेच डोक्यात असायचं आणि हात चोळण्यापलीकडे काही करता यायचं नाही. अशा वेळी फोनवर कुणी परदेशी माणूस "इट चेंज्ड बाय इटसेल्फ" म्हणाला की मला त्याचा गळा धरावासा वाटे.

शेवटी या प्रोग्रॅमच्या फोरमवर मी लांबलचक तक्रार लिहिली. कुणीतरी एका ओळीत उत्तर दिलं: हा कॉम्प्युटर घरात दुसरं कुणी वापरत नाही ना? मी भडकले. घरात एक आजारी म्हातारा आणि मिक्सरलाही भिणारी एक म्हातारी आहे, फुकटचे सल्ले देऊ नका, असं मी त्याला सुनावलं. हा प्रश्न दिवसातून दहादा मी लोकांना विचारते, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

एका दुपारी ऑफिसात वीज गेली, जनरेटरही बसला, आणि आम्हांला घरी सोडलं. मी किल्लीने दार उघडून आत आले. बाबा लॅपटॉपसमोर बसले होते. पाठ ताठ, चष्मा नाकावर, एक बोट पडद्यावरच्या ओळीवर आणि दुसरा हात माउसवर. एकेका ओळीवर जाऊन ते उजवं बटण दाबत होते. गुरुजी, हाय. समोरच्या पार्टीतले थोरले गायक, हाय. आमच्याकडचे पेटीवाले, ज्यांची दोनच गाणी होती, तीही हाय. मग खाली येऊन आपली फाइल त्यांनी पुन्हा लो केली, आणि काम चोख झालं की नाही हे एकदा वरपासून खालपर्यंत तपासलं.

"बाबा!"

ते दचकले नाहीत. कौतुकाने बोटाने पट्टा दाखवला. गुरुजींचा पट्टा पूर्ण हिरवा झाला होता.

"हे तुम्ही करताय? रोज?"

त्यांनी यंत्र घेतलं. "तू घाईत उलटं लावून जातं. मी सरळ करतो."

"उलटं नाही, बाबा! तुमचंच आधी हवंय मला!"

त्यांना खरोखरच कळेना मी काय म्हणते ते. "गुरुजीच्या पह्यले आपलं कसं लावू? पाहुन्या पार्टीच्या पह्यले? लोकं काय म्हनतीन?"

"कुठली लोकं? इथे लोकं नाहीत. हा कॉम्प्युटर आहे."

"मंडपात असंच असते," ते म्हणाले. यंत्रातून सगळं सारखंच ऐकू येत होतं, पण समजूत घातल्यासारखं ते हळूहळू बोलत होते. "पह्यले वंदना. मंग गुरुजी. मंग पाहुने. मंग ज्याचा मान असन तो. आपलं शेवटी. येते नं आपला नंबर. लोकं उठून थोडीच जातात."

मी ओरडले. आजारी माणसावर कधी ओरडू नये तशी ओरडले. इथे लोक उठून जातात, म्हटलं. इथे देणारा एकटाच आहे, तो कधीही उठून जाईल, आणि मग तुमचा नंबर कधीच येणार नाही. इतके आठवडे तो देत होता आणि तुम्ही ते सगळं दुसऱ्यांना वाटलंत. आई आतून पदराला हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. बाबांनी यंत्र खाली ठेवलं. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच आपली फाइल हाय केली. करताना त्यांना संकोच वाटत होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. माझ्या समाधानासाठी केलं, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून सीड आला नाही. कुठलीही शक्यता धरा, हार्ड डिस्क गेली असेल, घर बदललं असेल, तो गृहस्थच गेला असेल. मी ग्रुपवर विचारलं, विनवण्या केल्या. कुणाला काही माहीत नव्हतं. बाकीच्यांच्या फाइली भरल्या होत्या; लो असतानाही थोडी थोडी येत राहिलेली बाबांची फाइल मात्र निम्म्याहून थोडी अधिक भरून थांबली होती. आता सगळं सेटिंग जसंच्या तसं राहत होतं, कुणी बदलत नव्हतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी रोज घरी येऊन आधी तो पट्टा बघायची आणि मग चपला काढायची. किती दिवस माणूस असं करू शकतो याला काही हिशेब नाही.

अर्धवट फाइल वाजवता येते. पण तुकडे क्रमाने आलेले नसतात, त्यामुळे मध्ये मोठमोठी भोकं राहतात. बाबांच्या फाइलमध्ये टाळ्या होत्या, ढोलकची उठावण होती, बेंजो होता, निवेदकाने बाबांचं नाव अर्धं घेतलेलं होतं. जिथे जिथे गाणं असायला हवं तिथे सुन्न शांतता किंवा खरखर. कान देऊन पुन्हा पुन्हा ऐकताना एका ठिकाणी मला काहीतरी सापडलं. ढोलकच्या मागून एक आलाप उठत होता. उंच, मोकळा, जराशी धार असलेला. जेमतेम एक श्वासभर, आणि तुटलं. मी तो पुन्हा लावला. हाच. मला आवाज आठवला, असं मला अगदी आतून वाटलं.

तेवढा तुकडा मी कापून वेगळा केला आणि बाबांना ऐकवला. तोवर ते अंथरुणाला लागले होते. उशीजवळ फोन धरून मी म्हटलं, "बाबा, हे बघा. तुमचा आवाज. सापडला." वाजवला. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा वाजवला. चादरीवर त्यांचं बोट ठेका धरू लागलं. मी रडत होते, आणि रडता रडता त्यांची माफी मागत होते, त्या दिवशीच्या ओरडण्याची. "तुमचाच ना, बाबा?" त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. यंत्र हातात धरायची ताकद नव्हती. त्यांनी मान हलवली. हो.

तो एक श्वास घेऊन मी कितीतरी दिवस जगले. बसमध्ये कानात तोच. ऑफिसच्या जिन्यात तोच. बाबा गेले त्या सकाळीसुद्धा, अँब्युलन्सची वाट बघताना, मी गॅलरीत उभी राहून तोच ऐकत होते. रडू येईना झालं की तो लावायचा, मग यायचं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक चार शब्द बोलले. मी गुरुजींची गाणी लावली, मग पाहुण्यांची, मग पेटीवाल्यांची. बाबांना आवडलं असतं त्याच क्रमाने. सगळ्यात शेवटी मी लोकांना सांगितलं की आता बाबांचा आवाज ऐका, थोडाच आहे. आणि तो आलाप लावला. लोकांनी डोळे टिपले. कुणीतरी म्हणालं, काय गळा होता.

घरी चहाला आलेले लोक गेल्यावर मी आणि आई दोघीच होतो. ओट्यापाशी चहाच्या कपांचा ढीग पडला होता. आई कप विसळत होती, मी पुसत होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तो तुह्या बाबाचा आवाज नोहे."

मी म्हटलं, "काय?"

"तो कोरसवाला होता. बेंजोवाल्याचा भाऊ. आधी तो आलाप देये, मंग तुह्ये बाबा सुरू करत. त्याईचा आवाज त्याच्यानंतर येते."

त्याच्यानंतर खरखर होती. तो तुकडा आला नव्हता.

"बाबा हो म्हणाले होते," मी म्हटलं. "मी विचारलं होतं त्यांना. त्यांनी मान हलवली होती."

"तू किती रडून रायली होती," आई म्हणाली. "ते काय सांगतीन मंग?"

मी फडकं खाली ठेवलं. इतके दिवस मी एका परक्या माणसासाठी रडत होते, आणि बाबांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या मुलीला त्यांचा आवाज ओळखता येत नाही हे त्यांना मरताना कळलं होतं, आणि त्यावर त्यांनी मान हलवून, शेवटची उरलेली ती जागाही त्या कोरसवाल्याला देऊन टाकली होती. मला राग आला. कुणाचा ते कळेना. मग राग गेला आणि काहीच उरलं नाही.

"मग कसा होता गं त्यांचा आवाज?" मी विचारलं. "तुला तरी आठवतो का?"

आईचे हात थांबले. नळाचं पाणी तसंच वाहत होतं. तिने डोळे बारीक करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं, ओठ हलवले, जणू तिच्या तोंडाशी ते आलंच आहे. मी वाट पाहत राहिले.

"चांगला होता," ती म्हणाली, आणि पुढचा कप विसळायला घेतला.